राष्ट्राध्यक्षाच्या सहीनं काय हलतं, काय हलत नाही: व्हिसाच्या उदाहरणातून अमेरिकी सत्तावाटप

प्रश्न: सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी एका सहीनं नव्या एच-१बी अर्जांवर, म्हणजे कुशल परदेशी कामगारांच्या तात्पुरत्या व्हिसाच्या अर्जांवर, एक लाख डॉलर लावले. मग भारतीयांची ग्रीन कार्डची, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्याची, रांग अशाच एका सहीनं कमी का होत नाही? काँग्रेस आणि कोर्टं यात नेमकी कुठं येतात?

रांग कायद्यात लिहिलेल्या आकड्यांमुळे लागली आहे, आणि कायद्यातला आकडा खोडण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षाला नाही. परदेशी माणसाचा प्रवेश रोखण्याचा अधिकार मात्र १९५२ च्या इमिग्रेशन कायद्यानं, म्हणजे खुद्द काँग्रेसनंच, त्याच्या हाती दिला आहे. दार लावून घेणं त्याला जमतं, चौकट रुंद करणं जमत नाही. ओबामा, ट्रम्प, बायडेन, तिघंही याच बंधनात होते.

शाळेच्या पुस्तकात एक ओळ असते: काँग्रेस कायदे करते, राष्ट्राध्यक्ष ते राबवतो, न्यायालय त्यांचा अर्थ लावतं. ओळ खोटी नाही, पण तिच्यावरून एकही बातमी उलगडत नाही. १७८७ च्या घटनेनं तीन शाखा पाडल्या खऱ्या, पण जवळजवळ प्रत्येक अधिकाराचा एक तुकडा शेजारच्या शाखेकडे ठेवला. विधेयक काँग्रेसचं, पण सही राष्ट्राध्यक्षाची. न्यायाधीशाचं नाव राष्ट्राध्यक्षानं सुचवायचं, मंजुरी सिनेटनं, म्हणजे काँग्रेसच्या वरच्या सभागृहानं, द्यायची. सैन्याचा सरसेनापती राष्ट्राध्यक्ष, पण त्या सैन्याचा पगार काँग्रेसनं मंजूर करायचा. म्हणून ‘हा निर्णय कोणी घेतला’ हे विचारण्याआधी ‘हा निर्णय कोणत्या कागदावर आहे’ हे पाहावं. कायदा, खात्याचा नियम, कार्यकारी आदेश किंवा घोषणापत्र, खर्चाचं विधेयक, कोर्टाचा हुकूम. प्रत्येक कागदाचं आयुष्य वेगळं, तो मोडण्याचा रस्ता वेगळा, आणि मोडायला लागणारा वेळही वेगळा.

कायदा

रांगेचं मूळ १९९० च्या कायद्यात आहे. नोकरीच्या आधारावर वर्षाला १,४०,००० ग्रीन कार्डं, त्यातच अर्जदाराचा जोडीदार आणि मुलं मोजायची, आणि कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना सात टक्क्यांहून जास्त द्यायची नाहीत. एकशेचाळीस कोटींच्या वरचा भारत आणि चार लाखांच्या आसपासचं आइसलँड, दोघांना मर्यादा एकच. इतरांनी न वापरलेली कार्डं त्याच वर्गात सगळ्यात जुन्या तारखेच्या अर्जदारांकडे वळतात, त्यामुळे एखाद्या वर्षी भारताच्या वाट्याला सात टक्क्यांहून बरीच जास्तही येतात. २०२२ च्या आर्थिक वर्षात एकूण आकडा दोन लाख ऐंशी हजारांच्या घरात गेला. कारण साधं होतं: कोविडमध्ये वकिलाती बंद राहिल्यानं आदल्या वर्षीची कौटुंबिक कार्डं उरली, आणि उरलेली कार्डं पुढच्या वर्षी नोकरीच्या कोट्यात मिळवायची असं सूत्र कायद्यातच आहे. कोणा राष्ट्राध्यक्षाच्या मेहेरबानीचा त्यात भाग नव्हता. एवढं होऊनही २०२५ मध्ये ईबी-२ या उच्च पदवीधरांच्या वर्गातली भारताची तारीख, म्हणजे जिथपर्यंतच्या अर्जांचा नंबर लागला ती, २०१३ च्या आसपासच घोटाळत होती.

वर्षाला द्यायच्या नव्या एच-१बी व्हिसांचा मूळ ६५,००० चा आकडाही १९९० चाच. काँग्रेसनं तो २००१ ते २००३ या तीन वर्षांपुरता १,९५,००० केला, मुदत संपताच तो पुन्हा ६५,००० वर आला. अमेरिकेत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यांसाठीचे २०,००० हे २००४ च्या वेगळ्या कायद्यानं आले. वर जायला कायदा लागला, खाली यायला काहीच लागलं नाही.

हे आकडे बदलणारं विधेयक अडकतं तरी कुठं? त्याचं उत्तम उदाहरण म्हणजे सात टक्क्यांची अट काढणारं एच.आर. १०४४. काँग्रेसच्या खालच्या सभागृहानं, म्हणजे प्रतिनिधीगृहानं, ते १० जुलै २०१९ रोजी ३६५ विरुद्ध ६५ मतांनी संमत केलं. ४३५ जणांच्या सभागृहात हा आकडा दणदणीत म्हणायचा, दोन्ही पक्षांची मतं त्यात होती. सिनेटमध्ये मात्र विधेयक चर्चेविना झटपट संमत करायचं तर शंभरातल्या कोणीही हरकत घेता कामा नये. एक सिनेटर उभा राहून ‘माझी हरकत आहे’ म्हणाला की त्या दिवशीचं काम संपलं. एकाची समजूत काढली की दुसरा उभा, असं वर्षभराहून जास्त चाललं आणि प्रत्येक समजुतीपायी मजकुरात नवी अट शिरत गेली. २ डिसेंबर २०२० रोजी सिनेटनं आपला मसुदा एकमतानं संमत केला. पण आता दोन सभागृहांचे दोन मजकूर झाले होते. घटनेप्रमाणे दोघांनी शब्दशः एकच मजकूर संमत केल्याशिवाय विधेयक राष्ट्राध्यक्षाकडे जातच नाही. तडजोड व्हायच्या आत ३ जानेवारी २०२१ उजाडला, त्या काँग्रेसची दोन वर्षांची मुदत संपली आणि तिच्यासोबत सगळी अर्धवट विधेयकं निकालात निघाली. नव्या काँग्रेसमध्ये पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. दोन्ही सभागृहांना तत्त्वतः मान्य असलेली गोष्ट राष्ट्राध्यक्षाच्या टेबलापर्यंत पोचलीच नाही, तेव्हा तिथं ट्रम्प बसले होते की आणखी कोणी, याला अर्थ उरला नाही.

भारतीय वाचकाला हे पचायला जड जातं, कारण आपल्याकडे मंत्रिमंडळच लोकसभेच्या बहुमतातून येतं आणि सरकारी विधेयक तिथं पडणं हा अपवाद असतो. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाच्याच पक्षाचं दोन्हीकडे बहुमत असूनही त्याचं लाडकं विधेयक समितीत कुजत पडू शकतं. समितीच्या अध्यक्षानं ते विषयपत्रिकेवर घेतलं नाही, एवढंच पुरतं.

समितीतून सुटलं तरी सिनेटचा ६० चा आकडा समोर असतो. चर्चा बंद करून मतदान घेण्याचा नियम १९१७ चा, आणि त्यासाठी साधारणपणे ६० मतं लागतील ही आजची अट १९७५ ची. घटनेत याचा उल्लेखही नाही, तो सिनेटचा स्वतःचा नियम आहे. त्याला तीन मोठे अपवाद आहेत. नेमणुका: खालच्या न्यायालयांसाठी आणि खात्यांसाठी २०१३ पासून, सर्वोच्च न्यायालयासाठी २०१७ पासून साधं बहुमत पुरतं. दुसरा अपवाद नुकतेच झालेले सरकारी नियम रद्द करणारे ठराव. आणि तिसरा म्हणजे अर्थसंकल्पाशी जोडलेली ‘रिकन्सिलिएशन’ पद्धत. या तिसऱ्या वाटेनं इमिग्रेशन घुसवण्याचा प्रयत्न डेमोक्रॅट्सनी २०२१ मध्ये केला. सिनेटच्या नियमतज्ज्ञ अधिकाऱ्यांनी, म्हणजे पार्लमेंटेरियननी, सप्टेंबर ते डिसेंबर या काळात तीन वेगवेगळे मसुदे नाकारले. त्यांचं कारण असं की ज्या तरतुदीचा सरकारी जमाखर्चावरचा परिणाम तिच्या धोरणात्मक परिणामापुढं किरकोळ आहे, ती या वाटेनं नेता येत नाही. ‘आता बजेटमधूनच ग्रीन कार्डं सुटणार’ अशी बातमी पुढं कधी आली, तर या चाळणीतून ती गेली का, हे आधी बघा.

व्हेटोबद्दल थोडक्यात. विधेयक हाती आल्यापासून रविवार सोडून दहा दिवस राष्ट्राध्यक्षाला मिळतात. त्यानं काहीच केलं नाही तर विधेयक कायदा होतं. मात्र त्या मुदतीत काँग्रेस अधिवेशन आटोपून घरी गेली असेल, तर ते मरतं. व्हेटो उलथवायला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागतात. आजवरच्या अडीच हजारांहून अधिक व्हेटोंपैकी जेमतेम शंभरावर उलथले गेले. फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ६३५ वेळा व्हेटो वापरला, त्यातले फक्त ९ उलथले. व्हेटोचं खरं काम आधीच होऊन गेलेलं असतं: व्हाइट हाउसच्या अर्थसंकल्प कार्यालयाकडून मसुद्यावर लेखी निवेदन येतं, ‘या स्वरूपात आलं तर व्हेटो’ असा इशारा त्यात असतो, आणि कलमं मतदानापूर्वीच गळतात. १९९६ मध्ये काँग्रेसनं खर्चाच्या विधेयकातली एखादी बाब वेगळी काढून फेटाळण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षाला देऊन पाहिला. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो घटनाबाह्य ठरवला. घ्यायचं तर अख्खं, नाहीतर परत.

नियम

एच-४ वरच्या, म्हणजे एच-१बीधारकाच्या, जोडीदाराला नोकरीची परवानगी, नोकरी गेल्यावर मिळणारे ६० दिवस, एच-१बीसाठी निवड करणाऱ्या लॉटरीत नाव कसं काढायचं: रोजच्या आयुष्याला भिडणाऱ्या अशा बहुतेक गोष्टी कायद्यात नसतात. त्या खात्याच्या नियमांत असतात. नियम करण्याची पद्धत १९४६ च्या प्रशासकीय कार्यपद्धती कायद्यानं ठरवली आहे. खातं मसुदा बनवतं. तो व्हाइट हाउसच्या परीक्षण कार्यालयात जातो, तिथं साधारण ९० दिवसांपर्यंत राहू शकतो. मग फेडरल रजिस्टर या सरकारी राजपत्रात प्रस्ताव छापून येतो. लोकांच्या सूचना-हरकतींसाठी बहुधा ३० ते ६० दिवस मिळतात. प्रत्येक महत्त्वाच्या हरकतीला उत्तर देत खातं अंतिम नियम छापतं, आणि तो एरवी ३० दिवसांनी, मोठा आर्थिक परिणाम असलेला नियम ६० दिवसांनी लागू होतो. एकूण नऊ महिने ते दोन वर्षं धरून चालावं. रद्द करायलाही हीच सगळी वाट पुन्हा चालावी लागते, आणि सत्तापालटानंतर नेमकं इथंच पाय अडकतात.

एच-४ चा नियम फेब्रुवारी २०१५ मध्ये आला. ट्रम्प प्रशासनानं तो रद्द करण्याचा इरादा २०१७ मध्ये जाहीर केला, २०१९ मध्ये प्रस्ताव परीक्षणासाठी व्हाइट हाउसकडे गेला, पण चार वर्षांत तो रजिस्टरमध्ये छापूनच आला नाही. जानेवारी २०२१ मध्ये बायडेन प्रशासनानं तो मागं घेतला. चार वर्षं हजारो घरांत धास्ती होती, कायदेशीर स्थिती मात्र तसूभरही बदललेली नव्हती.

घाई केली किंवा पायरी चुकली तर काय होतं, याची दोन उदाहरणं आहेत. ऑक्टोबर २०२० मध्ये श्रम खात्यानं एच-१बीच्या किमान वेतनाच्या पायऱ्या एकदम वर नेल्या आणि गृहसुरक्षा खात्यानं पात्रतेची व्याख्या आवळली. दोन्ही वेळा हरकती मागवण्याची पायरी कोविडचं कारण देऊन गाळली. १ डिसेंबर २०२० रोजी कॅलिफोर्नियातल्या फेडरल न्यायालयानं दोन्ही नियम रद्द केले. साथ मार्चमध्ये आली होती. सहा महिने थांबलेल्या सरकारला आता महिनाभर हरकती ऐकायला वेळ नाही, हे न्यायालयाला पटलं नाही. नियम चांगला की वाईट, हा प्रश्न तिथं आलाच नाही.

दुसरं उदाहरण मला अधिक बोलकं वाटतं. जानेवारी २०२१ मध्ये लॉटरीऐवजी वेतनाच्या पायरीनुसार निवड करणारा नियम निघाला. यावेळी हरकती मागवल्या होत्या, पायऱ्या पाळल्या होत्या. तरी सप्टेंबर २०२१ मध्ये तो रद्द झाला, कारण त्याच्यामागचे गृहसुरक्षा खात्याचे हंगामी मंत्री चॅड वुल्फ यांची नेमणूकच कायदेशीर नव्हती. सिनेटची मंजुरी न घेता हंगामी माणसावर खातं चालवणं सोयीचं असतं, पण हंगामी कोण होऊ शकतो आणि कोणत्या क्रमानं, हे काँग्रेसनं कायद्यात बांधून ठेवलं आहे. तो क्रम चुकला. नेमणुकीच्या मंजुरीचा अधिकार सिनेटकडे, त्याची किंमत मोजली व्हिसाच्या नियमानं. तिन्ही शाखा एकमेकींत कशा गुंतल्या आहेत, हे यातून जितकं दिसतं तितकं महाभियोगाच्या गाजावाजातून दिसत नाही.

काँग्रेसला नियम आवडला नाही तर १९९६ चा एक कायदा आहे. नियम तिच्यापुढं ठेवल्यापासून ठरावीक मुदतीत साध्या बहुमतानं तो रद्द करता येतो, पण त्या ठरावावर राष्ट्राध्यक्षाची सही लागते. स्वतःच्या खात्याचा नियम कोण रद्द करू देईल? म्हणून हे हत्यार चालतं ते सत्तापालटानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत, आधीच्या सरकारच्या शेवटच्या नियमांवर. २०१७ च्या आधी ते फक्त एकदा, २००१ मध्ये, यशस्वी झालं होतं. २०१७-१८ मध्ये सोळा वेळा. आणि त्याचा दंश खोल असतो: तसाच नियम खात्याला नव्या कायद्याशिवाय पुन्हा करता येत नाही.

आदेश आणि घोषणापत्रं

भारतात संसद भरलेली नसताना राष्ट्रपती वटहुकूम काढतात आणि त्याला कायद्याचं बळ असतं. अमेरिकेत अशी सोय नाही. कार्यकारी आदेश म्हणजे राष्ट्राध्यक्षानं आपल्या खात्यांना दिलेली सूचना. तिच्या मागं घटनेतला किंवा कायद्यातला अधिकार असावा लागतो, नसेल तर ती कागदावरच राहते. १९५२ मध्ये कोरियाच्या युद्धात पोलाद गिरण्यांचा संप टाळायला ट्रूमन यांनी गिरण्या ताब्यात घेतल्या. सर्वोच्च न्यायालयानं ६ विरुद्ध ३ असा निकाल देत त्या परत करायला लावल्या. त्या खटल्यात न्यायमूर्ती जॅक्सन यांनी आखलेली तीन पायऱ्यांची मांडणी आजही वापरात आहे: काँग्रेसनं अधिकार दिला असेल तर राष्ट्राध्यक्ष सर्वांत बळकट, काँग्रेस गप्प असेल तर संदिग्ध, आणि काँग्रेसच्या इच्छेविरुद्ध जात असेल तर सर्वांत दुबळा.

एक लाख डॉलरचं घोषणापत्र पहिल्या पायरीवर उभं राहू पाहतं. १९५२ च्या कायद्यातलं कलम २१२(एफ) म्हणतं की ज्यांचा प्रवेश अमेरिकेच्या हिताला बाधक वाटेल, त्यांचा प्रवेश राष्ट्राध्यक्षाला थांबवता येतो किंवा त्यावर निर्बंध घालता येतात. २०१८ मध्ये काही देशांवरच्या प्रवासबंदीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ५ विरुद्ध ४ मतांनी या कलमाचा फार विस्तृत अर्थ मान्य केला. विरोधकांचा युक्तिवाद दुसऱ्या टोकाकडून येतो: प्रवेशावरचा निर्बंध वेगळा आणि पैसे गोळा करणं वेगळं, कर बसवण्याचा अधिकार घटनेनं काँग्रेसला दिला आहे, आणि एच-१बीची फी काँग्रेसनं स्वतः ठरवून ठेवलेली आहे. वाद या फटीत आहे.

या घोषणापत्रात दोन मर्यादा पहिल्यापासून लिहिलेल्या होत्या. मुदत बारा महिन्यांची, वाढवली नाही तर आपोआप संपणारी. आणि रोख देशाबाहेर असलेल्यांसाठीच्या नव्या अर्जांवर, कारण कलम प्रवेशाबद्दल बोलतं. जून २०२० चं एच-१बी थांबवणारं घोषणापत्रही असंच ३१ मार्च २०२१ ला मुदत संपून विझलं. बायडेन यांनी ते रद्दही केलं नाही, फक्त वाढवलं नाही.

सही केली आणि काहीच झालं नाही, असंही घडतं. ओबामा यांनी २२ जानेवारी २००९ रोजी ग्वांतानामोचा तुरुंग वर्षभरात बंद करण्याचा आदेश काढला. मे महिन्यात सिनेटनं ९० विरुद्ध ६ मतांनी त्यासाठीचा पैसा नाकारला. पुढं खर्चाच्या विधेयकांत कैदी अमेरिकेच्या भूमीवर आणायला एक डॉलरही वापरायचा नाही अशी ओळ आली, आणि ती वर्षानुवर्षं नव्यानं घातली गेली. तुरुंग बंद झाला नाही.

पैसा

आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. त्याआधी बारा खर्च विधेयकं संमत व्हायला हवीत. ती वेळेवर क्वचितच होतात, म्हणून मागच्या वर्षीच्या दरानं खर्च चालू ठेवणारा तात्पुरता कायदा करतात. तोही झाला नाही तर शटडाऊन. मुळात १८८४ च्या कायद्याचा धागा असा की मंजुरीशिवाय सरकारी खर्चाची जबाबदारी घेता येत नाही. पण त्याचा कडक अर्थ लावून कार्यालयं बंद ठेवण्याची प्रथा १९८०-८१ मधल्या अ‍ॅटर्नी जनरलच्या मतांपासून पडली. म्हणजे शटडाऊनचं आजचं रूप घटनेतून आलेलं नाही, एका कायदेशीर मतातून आलं आहे.

व्हिसावाल्यांसाठी यातला तपशील महत्त्वाचा. नागरिकत्व आणि इमिग्रेशन सेवा, यूएससीआयएस, मुख्यतः अर्जांच्या फीवर चालते. ती शटडाऊनमध्ये सुरू राहते. पण एच-१बी अर्जाला आधी श्रम खात्याकडून एलसीए, म्हणजे पगार आणि कामाच्या अटींबद्दलचा मालकाचा अर्ज, मंजूर व्हावा लागतो, आणि श्रम खातं काँग्रेसच्या पैशावर चालतं. २०२५ च्या ४३ दिवसांच्या शटडाऊनमध्ये ऑक्टोबरचा बहुतेक महिना एलसीए आणि ग्रीन कार्डसाठीचे श्रम दाखले, दोन्ही ठप्प होते. नोकरी जाऊन ६० दिवसांच्या सवलतीत नवा मालक शोधलेल्याला याचा फटका थेट बसतो, कारण एलसीएशिवाय नव्या मालकाला अर्जच भरता येत नाही आणि ६० दिवस मात्र सरत राहतात. उलट २०१८-१९ चं ३५ दिवसांचं शटडाऊन सुरू झालं तेव्हा श्रम खात्याचं विधेयक आधीच संमत होतं. एलसीए सुरळीत मिळत राहिले. ‘सरकार बंद’ हे शीर्षक वाचून उपयोग नाही. बारातली कोणती विधेयकं झाली, ती यादी बघायची. ऑक्टोबर तोंडावर असेल आणि विधेयकं अडली असतील, तर नोकरी बदलणाऱ्यानं एलसीए सप्टेंबरच्या मध्यापर्यंत मंजूर करून घ्यावा. एरवी त्याला कामाचे सात दिवस लागतात.

मंजूर झालेला पैसा राष्ट्राध्यक्षानं खर्चच केला नाही तर? निक्सन यांनी तसं केल्यावर १९७४ चा कायदा आला. पैसा रद्द करायचा तर काँग्रेसला प्रस्ताव पाठवायचा. तिच्या कामकाजाच्या ४५ दिवसांत मंजुरी मिळाली नाही तर खर्च करायचा. जुलै २०२५ मध्ये सुमारे नऊ अब्ज डॉलरची कपात काँग्रेसनं रीतसर मंजूर केली. ऑगस्टअखेर मात्र ४.९ अब्जांचा दुसरा प्रस्ताव अशा बेतानं गेला की ४५ दिवस संपण्याआधी आर्थिक वर्षच संपावं आणि पैशाची मुदत आपोआप टळावी. सप्टेंबरच्या शेवटी सर्वोच्च न्यायालयानं तात्पुरत्या हुकमानं त्यातला बराचसा पैसा गोठवून ठेवू दिला. सत्तावाटपाची सगळ्यात गंभीर चकमक सध्या इथं चालू आहे असं माझं मत आहे. पैसा रोखता येऊ लागला, तर वर सांगितलेल्या बाकीच्या अटकावांचं वजन घटतं.

कोर्टं

अमेरिकी न्यायालय आपणहून काही करत नाही. नुकसान झालेला कोणीतरी यावा लागतो. फेडरल जिल्हा न्यायालयं ९४ आहेत, आणि वादी आपल्याला सोयीचं न्यायालय निवडतो. पहिला हुकूम १४ दिवसांचा तात्पुरता मनाई हुकूम, तो एकदा वाढवता येतो. नंतर खटला चालेपर्यंतची मनाई. सरकार अपिलात जाऊन त्या मनाईला स्थगिती मागतं. बातम्यांत ‘कोर्टानं रोखलं’ आणि ‘वरच्या कोर्टानं परवानगी दिली’ हे दर आठवड्याला उलटसुलट येतं, ते या टप्प्यांमुळे. यातला एकही अंतिम निकाल नसतो.

जून २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ६ विरुद्ध ३ मतांनी ठरवलं की जिल्हा न्यायाधीशानं सरसकट देशभर मनाई देऊ नये, समोरच्या वादींपुरती द्यावी. त्यामुळे आता खटला कोणी आणि कोणासाठी भरलाय, हे वाचणं भाग आहे. संघटनेनं भरला असेल, तर तुमची कंपनी तिची सदस्य आहे का? सामूहिक दावा असेल, तर त्या समूहाच्या व्याख्येत तुम्ही बसता का? खात्याचा नियमच १९४६ च्या कायद्याखाली रद्द करून घेण्याची वाट त्या निकालानं बंद केलेली नाही.

२०२४ मध्ये दुसरा मोठा बदल झाला: कायदा संदिग्ध असेल तर खात्याचा वाजवी अर्थ मानायचा, हा १९८४ पासूनचा दंडक गेला. आता अर्थ न्यायाधीश स्वतः लावतात. एच-४ चा नियम यात पडेल अशी भीती होती. पण ऑगस्ट २०२४ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयानं तो टिकवला. कायद्याचा न्यायालयानं लावलेला अर्थ काँग्रेसला पसंत नसेल तर ती कायदाच बदलू शकते. वेतनातल्या भेदभावावरचा २००७ चा निकाल तिनं २००९ मध्ये असाच पुसला. घटनेचा अर्थ मात्र असा पुसता येत नाही.

काँग्रेसचा हात इतका आखूड का?

याचं बरंचसं उत्तर एका भारतीय वंशाच्या विद्यार्थ्याच्या खटल्यात आहे. केनियात जन्मलेल्या जगदीश राय चढ्ढा यांचा विद्यार्थी व्हिसा १९७२ मध्ये संपला. इमिग्रेशन न्यायाधीशानं त्यांची हद्दपारी थांबवली. तेव्हाच्या कायद्यानुसार असे निर्णय एकटं एक सभागृह ठरावानं उलटवू शकत असे. डिसेंबर १९७५ मध्ये प्रतिनिधीगृहानं ३४० नावांतून सहा जणांना वगळलं, त्यात चढ्ढा होते. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ७ विरुद्ध २ मतांनी सांगितलं की काँग्रेसला कायदेशीर परिणाम घडवायचा असेल तर दोन्ही सभागृहं आणि राष्ट्राध्यक्षाकडे सादरीकरण, हा पूर्ण रस्ताच धरावा लागेल. चढ्ढा राहिले. त्यांच्यासोबत काँग्रेसनं डझनावारी कायद्यांत पेरून ठेवलेला लगामही तुटला.

त्याचा परिणाम आणीबाणीच्या कायद्यात दिसतो. १९७६ च्या मूळ कायद्यात काँग्रेस राष्ट्राध्यक्षाच्या सहीशिवाय आणीबाणी संपवू शकत होती. चढ्ढा निकालानंतर, १९८५ मध्ये, तिथं सही लागणारा ठराव आला. २०१९ मध्ये सीमेवरच्या भिंतीसाठीची आणीबाणी संपवणारा ठराव सिनेटनं ५९ विरुद्ध ४१ असा संमत केला. ट्रम्प यांनी व्हेटो केला. प्रतिनिधीगृहात २४८ विरुद्ध १८१ मतं पडली, म्हणजे दोन तृतीयांशांना कमी. अधिकार देताना साधं बहुमत पुरतं, परत घेताना दोन तृतीयांश. एकदा दिलेला अधिकार परत येत नाही, त्यामागं हे गणित आहे.

महाभियोगावर फार वेळ घालवायला नको. प्रतिनिधीगृहात साधं बहुमत, सिनेटमध्ये दोन तृतीयांश. आजवर एकाही राष्ट्राध्यक्षाला सिनेटनं पदावरून काढलेलं नाही, न्यायाधीश मात्र आठ काढले.

आता रोजच्या बातम्यांसाठी. ‘विधेयक मांडलं’ ही बातमी सोडून द्या. दोन वर्षांच्या एका काँग्रेसमध्ये दहा हजारांहून अधिक मांडली जातात, कायदा होतात काहीशे. समितीतून बाहेर पडलं की वाचायला लागा. नियमाची बातमी असेल तर फेडरल रजिस्टरमध्ये जाऊन तो ‘प्रस्तावित’ आहे की ‘अंतिम’, आणि लागू होण्याची तारीख कोणती, हे बघा. प्रस्तावित असेल तर हरकत तुम्हालाही नोंदवता येते, त्यासाठी अमेरिकी नागरिक असण्याची अट नाही. एकच छापील मजकूर हजार जणांनी पाठवला तर खातं त्याला एकाच मुद्द्याचं उत्तर देतं, तेव्हा आपला स्वतःचा तपशील आणि आकडे द्या. घोषणापत्र असेल तर शेवटच्या कलमापर्यंत जा: मुदत आणि अपवाद बहुधा तिथंच असतात.